निवासी डॉक्टर विद्यार्थी की कामगार? सरकारने एकदाचे सांगावे!

निवासी डॉक्टरांचा संप झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा मथळा ठरलेला असतो, 'रुग्णांचे हाल'. हाल होतात हे खोटे नाही. आमगाव रस्त्यावर गोंदिया शहराला लागूनच असलेल्या फुलचूरमध्ये मजुराच्या घरात रात्री दोन वाजता बाईला कळा सुरू झाल्या तर तिला गंगाबाई रुग्णालयात नेतात. पोरगा तापाने फणफणला किंवा म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागले तर केटीएस रुग्णालय गाठतात. तेथे भागले नाही की केसपेपरवर 'रेफर' असा शेरा पडतो आणि नातेवाईक म्हणतात, "चला, नागपूरले मेडिकलले नेऊ." या संपूर्ण वाटेवर मोठे डॉक्टर साहेब सकाळच्या राऊंडला दिसतात. रात्री भेटतो तो पंचविशी-तिशीतला इंटर्न, बाँडवरचा वैद्यकीय अधिकारी किंवा निवासी डॉक्टर. ज्याच्या खिशात पैसा आहे तो याच शहरातील खाजगी नर्सिंग होमच्या पायऱ्या चढतो. ज्याच्या खिशात नाही त्याच्यासाठी सरकारी दवाखाना म्हणजे हा झोप न झालेला तरुण पोरगा किंवा पोरगी. म्हणून त्याच्या पगाराचा, त्याच्या झोपेचा, त्याच्या खोलीचा प्रश्न हा 'डॉक्टर लोकांचा' प्रश्न आहे असे समजून पान उलटू नये, अशी आमची वाचकांना विनंती आहे.

प्रश्न साधा आहे. एमबीबीएस होऊन पुढे तीन वर्षे पदव्युत्तर शिक्षण घेत रुग्णालयातच राबणारा हा निवासी डॉक्टर कायद्याच्या नजरेत कोण आहे? त्याने संप करायचे ठरवले की शासन म्हणते, तुम्ही अत्यावश्यक सेवेत आहात, मेस्मा लावू. त्याच्या हातून रुग्ण दगावला आणि निष्काळजीपणाचा आरोप झाला की तो नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तलवार त्याच्याही डोक्यावर आहे. परंतु त्याने रजा मागितली, कामाचे तास विचारले, महिन्याचे पैसे वेळेवर द्या म्हटले, की त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले जाते, "अरे, तू तर इथे शिकायला आलास!" जबाबदारीच्या वेळी डॉक्टर, शिक्षेच्या वेळी कर्मचारी आणि हक्काच्या वेळी विद्यार्थी. सोयीनुसार माणसाचे नाव बदलण्याची ही पद्धत आमच्या समाजाला नवीन नाही. गावाचे काम करून घेताना जो गावाचा असतो तो वाटा मागताना गावाबाहेरचा ठरतो, हे आमच्या आजोबांनी भोगलेले आहे.

आता पैशाचे बघू. महाराष्ट्रात निवासी डॉक्टरांना जे मिळते त्याला पगार म्हणत नाहीत, 'विद्यावेतन' म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'मार्ड' ही निवासी डॉक्टरांची संघटना संपावर उतरली, तेव्हा राज्य मंत्रिमंडळाने या विद्यावेतनात दरमहा १० हजार रुपयांची वाढ मंजूर केली आणि पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा आकडा सुमारे ८५ हजारांपर्यंत गेला. इंटर्नचे ११ हजारांचे १८ हजार झाले. ८५ हजार हा आकडा ऐकून फुलचूरच्या धान गिरणीत पोती वाहणारा माणूस म्हणेल, वकीलसाहेब, हे तर चांगलेच आहे की! त्याचे म्हणणे चुकीचे नाही. म्हणून आपण तासांचा हिशेब करू. आठवड्याला ४८ तास काम धरले तर महिन्याचे २०८ तास होतात आणि तासाचा दर सुमारे ४०८ रुपये पडतो. आठवड्याला ७४ तास धरले तर तो २६५ रुपयांवर येतो. आठवड्याला १०० तास धरले, आणि इमर्जन्सीच्या युनिटमध्ये इतके तास भरणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे, तर दर २०० रुपयांच्याही खाली घसरतो. हा दर कोणाचा? साडेपाच वर्षांची एमबीबीएस पुरी करून, नीट-पीजीची चाळणी पार करून आलेल्या माणसाचा. कारखान्यातील कामगाराला ठरलेल्या तासांपलीकडे थांबवले तर दुप्पट दर द्यावा लागतो. तो नियम १९४८ च्या कारखाने कायद्यात होता आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या श्रमसंहितेतही आहे. निवासी डॉक्टरला ओव्हरटाइम हा शब्दच नाही, कारण विद्यार्थ्याला कसला आला ओव्हरटाइम?

येथे नागपूरचे उदाहरण घेण्यासारखे आहे. एकाच शहरात शासकीय 'मेडिकल' आहे आणि केंद्राचे एम्सही आहे. एम्समधील कनिष्ठ निवासी डॉक्टरला केंद्राच्या वेतनश्रेणीतील दहावी पातळी, म्हणजे ५६,१०० रुपये मूळ वेतन, त्यावर व्यवसायरोध भत्ता आणि महागाई भत्ता मिळतो. महागाई भत्ता वाढला की त्याचा पगार आपोआप वाढतो, त्याला घोषणा द्याव्या लागत नाहीत. मेडिकलमधला त्याचाच वर्गमित्र त्याच विदर्भाच्या रुग्णांना तपासतो, पण त्याला वाढ हवी असेल तर संप, वाटाघाटी, आश्वासन, पुन्हा संप आणि मग शासन निर्णय अशी परिक्रमा करावी लागते. जुलै २००९ च्या संपातही मागणी विद्यावेतनाचीच होती. जानेवारी २०२३ च्या संपात वरिष्ठ निवासी डॉक्टरांची १,४३२ पदे निर्माण करा, वसतिगृहे दुरुस्त करा, हे सांगावे लागले. फेब्रुवारी २०२४ च्या मागण्यांत एक मागणी अशी होती की विद्यावेतन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत द्यावे. पगार वेळेवर द्या, ही मागणी करायला ज्या राज्यात डॉक्टरला रुग्णालयाबाहेर येऊन बसावे लागते, त्या राज्याने स्वतःला पुरोगामी म्हणवून घ्यावे काय?

विद्यावेतन उशिरा आले तर ज्याचा बाप डॉक्टर आहे त्याला फरक पडत नाही. त्याला घरून पैसे येतात, पुढे त्याच्यासाठी घरचा दवाखानाही तयार असतो. फरक पडतो तो पहिल्या पिढीतल्या पोराला. आमच्याकडे असाच एक निवासी डॉक्टर आला होता. वडील शेतमजूर, धाकटी बहीण नर्सिंगला. विद्यावेतन काही महिने थकलेले. गावाकडचे लोक समजत होते की पोरगा आता डॉक्टर झाला, म्हणजे घरात नोटांचा पाऊस पडत असेल. प्रत्यक्षात तो मेसचे बिल मित्राकडून उसने घेऊन भरत होता. कायदेशीर नोटीस द्यायची म्हणून आम्ही त्याला कागद आणायला सांगितले. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे आणले. प्रवेशाचे पत्र होते, फी भरल्याच्या पावत्या होत्या, जात वैधता प्रमाणपत्र होते, ओळखपत्र होते आणि बाँडची प्रत होती. तो संस्थेला काय देणे लागतो हे सांगणारे कागद पाच. संस्था त्याला काय देणे लागते हे सांगणारा कागद एकही नाही. किती तास काम, किती तारखेला पैसे, किती रजा, तक्रार कोणाकडे, यातले एक अक्षर कोठेही लिहिलेले नव्हते. आमच्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ त्या पिशवीत नसलेल्या कागदात आहे.

बाँडचा कागद मात्र कधी गहाळ होत नाही! महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा द्यायची, नाही दिली तर १० लाख रुपये भरायचे. पदव्युत्तरसाठी ही रक्कम ५० लाख आहे आणि सुपरस्पेशालिटीसाठी २ कोटी. सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ रोजी अशा सक्तीच्या सेवेच्या अटी वैध ठरवल्या. वेठबिगारीला बंदी करणाऱ्या कलम २३ चा युक्तिवाद तेथे टिकला नाही. आम्हांलाही बाँड तत्त्वतः चुकीचा वाटत नाही. जनतेच्या पैशाने शिकलेल्याने सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव येथील जनतेसाठी एक वर्ष द्यावे यात गैर काय? पण करार म्हटला की त्याला दोन बाजू असतात. पैसेवाला ५० लाख भरून मोकळा होऊ शकतो, मजुराच्या पोराला तो पर्यायच नाही. म्हणजे बाँड प्रत्यक्षात कोणावर लागू होतो ते उघड आहे. मग ज्याच्यावर तो लागू होतो त्याला दुसऱ्या बाजूचा कागद देणे शासनाला इतके जड का जाते?

कामाच्या तासांबाबत कायदा अगदीच गप्प आहे असेही नाही. केंद्र सरकारने ५ जून १९९२ रोजी रेसिडेन्सी योजनेचा आदेश काढला, त्यात आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांची मर्यादा नमूद आहे. हा ४८ चा आकडा कोठून आला हे आमच्या वाचकांना सांगायला नको. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या दुरुस्तीनेच १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. गिरणीच्या मजुराला १९४६ मध्ये जे मिळाले ते सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला १९९२ मध्ये कागदावर मिळाले, आणि तेथून ते वॉर्डापर्यंत आजही पोहोचलेले नाही.

त्यानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस या आयोगाने पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे नवे नियम अधिसूचित केले. त्यांत काही गोष्टी निश्चितपणे चांगल्या आहेत. वर्षाला किमान २० दिवसांची पगारी नैमित्तिक रजा, शैक्षणिक कामासाठी पाच दिवस, आठवड्याची एक सुट्टी, आणि खाजगी महाविद्यालयांनीही राज्याच्या शासकीय महाविद्यालयाइतकेच विद्यावेतन द्यावे, असे त्यांत आहे. पण कामाच्या तासांपाशी येऊन नियमांची लेखणी अडखळली. तेथे शब्द वापरला आहे 'वाजवी'. वाजवी तास काम, वाजवी वेळ विश्रांती. वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा, 'वाजवी' या शब्दाची किंमत काय? ज्याच्या हातात ड्यूटीचा तक्ता आहे त्याला जे वाजवी वाटेल ते वाजवी. १९९२ च्या आदेशात आकडा होता. एकतीस वर्षांनी लिहिलेल्या नियमात आकडा जाऊन विशेषण आले. आठवड्याच्या सुट्टीलाही 'कामाची निकड नसेल तर' असे शेपूट जोडलेले आहे, आणि सरकारी रुग्णालयात निकड कधी नसते? आयोगाच्याच कार्यदलाने २०२४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम नको, एक सुट्टी हवी आणि रोज सात-आठ तासांची झोप हवी, अशी शिफारस आहे. माणसाने झोपावे हे सांगायला देशाला कार्यदल नेमावे लागले! तरीही ७४ हा आकडा आहे, तो मोजता येतो, त्यावर न्यायालयात बोट ठेवता येते. शिफारस आणि नियम यांतले अंतर मात्र अजून कापायचे आहे.

काही जण म्हणतात, डॉक्टरकी शिकायची तर राबावेच लागते, जगभर असेच असते. जगभर काय असते ते पाहू. मार्च १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग जागे होते, हा प्रश्न तिच्या बापाने धसास लावला. त्यातून १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि जुलै २००३ पासून ती अमेरिकाभर लागू झाली. ८० तास हेही अमानुषच आहेत, तेथील तरुण डॉक्टर कर्जात बुडालेले असतात, त्यामुळे अमेरिकेला स्वर्ग म्हणण्याचे आम्हांला काही कारण नाही. पण आमचा मूळ प्रश्न, विद्यार्थी की कामगार, तेथे सरळ विचारला गेला आणि त्याचे उत्तरही मिळाले. नोव्हेंबर १९९९ मध्ये तेथील राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने बोस्टन मेडिकल सेंटरच्या प्रकरणात निर्णय दिला की निवासी डॉक्टर शिकत असले तरी ते कर्मचारी आहेत, त्यांना संघटना करून वाटाघाटी करता येतील. जानेवारी २०११ मध्ये मेयो प्रतिष्ठानच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निवासी डॉक्टरांना विद्यार्थी म्हणून सामाजिक सुरक्षेच्या करातून सूट नाकारली, कारण पूर्ण वेळ काम करणाऱ्याला कर्मचारी मानण्याचा सरकारी नियम योग्यच आहे. आमच्या ओळखीच्या घरांतील जी मुले फॅमिली मेडिसिनच्या तीन वर्षांच्या रेसिडेन्सीसाठी तिकडे गेली, त्यांच्या हातात पहिल्या दिवसाआधीच करार असतो. वर्षाचा पगार, रजा, आरोग्य विमा, निष्काळजीपणाच्या दाव्यापासून संरक्षणाचा विमा आणि तक्रारीची पद्धत, सर्व लिहिलेले असते. येथल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नेमका हाच कागद नव्हता.

कागद नसला की माणूस कोणाच्या मर्जीवर जगतो? वरिष्ठाच्या. निवासी डॉक्टरच्या जीवनातील ही गोष्ट पैशापेक्षा गंभीर आहे. ड्यूटी कोणाला लागणार, ऑपरेशन टेबलवर कोणाला उभे करणार, कोणाला फक्त केसपेपर लिहायला बसवणार, रजा कोणाची अडवणार, हे सर्व तोंडी चालते. ज्या समाजात आडनाव ऐकून वागणूक ठरते त्या समाजात तोंडी कारभार म्हणजे काय हे डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूने सर्वांना दाखवून दिले. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी तडवी भिल्ल समाजातून आलेली ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात निवासी डॉक्टर होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा नोंदवला गेला. दोष कोणाचा आणि किती हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, त्यावर आम्ही येथे बोलणार नाही. आम्हांला बोलायचे आहे ते व्यवस्थेबद्दल. छळाची तक्रार आधीच केली होती, असे तिच्या आईने सांगितले. ती तक्रार नोंदवायचे रजिस्टर कोणते, किती दिवसांत उत्तर द्यायचे, उत्तर नाही दिले तर कोणावर कारवाई? २०१२ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे समतेचे नियम होते, तरी ते नियम अमलात आणा हे सांगायला २०१९ मध्ये रोहित वेमुलाच्या आईला आणि पायलच्या आईला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. वैद्यक आयोगाने २०२१ मध्ये रॅगिंगविरोधी नियम केले. त्यांतून रॅगिंग हा शब्द कळतो, पण वर्षभर एका मुलीला मुद्दाम शस्त्रक्रियेपासून दूर ठेवणे, तिचे शिक्षणच चोरणे, याला कोणता शब्द वापरायचा? ड्यूटीचा आणि शस्त्रक्रियांचा तक्ता लेखी असेल, फलकावर लागत असेल, जपून ठेवला जात असेल, तरच तो पुराव्यात येतो. तोंडी छळाला पुरावा नसतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक. रेसिडेन्सीची वर्षे म्हणजे लग्नाची आणि बाळंतपणाची वर्षे. मुदतीची नेमणूक असलेल्या स्त्री-डॉक्टरचे बाळंतपण मध्येच आले तर काय? दिल्लीच्या जनकपुरी सुपरस्पेशालिटी रुग्णालयातील कराराने नेमलेल्या डॉ. कविता यादव यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १७ ऑगस्ट २०२३ रोजी न्यायालयाने सांगितले की कराराची मुदत संपली तरी प्रसूती लाभ कायद्याखालचा लाभ संपत नाही. हा निकाल प्रत्येक महिला निवासी डॉक्टरने जवळ ठेवावा. अधिष्ठात्यांच्या कार्यालयातील लिपिकाने 'तुमची टर्म संपते ना?' असे विचारले की तो दाखवावा.

आता फॅमिली मेडिसिनकडे येतो, कारण फुलचूरच्या दृष्टीने खरा मुद्दा तो आहे. फॅमिली मेडिसिन म्हणजे नुसता 'जनरल डॉक्टर' नव्हे. लहान मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत, गरोदर बाईपासून साखरेच्या रुग्णापर्यंत सगळ्या घराचे आजार ओळखणारा, शंभरातल्या नव्वदांना तेथेच बरे करणारा आणि उरलेल्या दहांना वेळेवर योग्य ठिकाणी पाठवणारा, तीन वर्षे रीतसर शिकलेला तज्ज्ञ म्हणजे फॅमिली फिजिशियन. अमेरिकेत या शाखेला १९६९ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञशाखेची मान्यता मिळाली. आपल्याकडे २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिले गेले की पदव्युत्तर जागांपैकी टप्प्याटप्प्याने एक चतुर्थांश जागा सार्वजनिक आरोग्य आणि फॅमिली मेडिसिन या शाखांसाठी ठेवाव्यात. एक चतुर्थांश! केरळात कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयाने एमडी फॅमिली मेडिसिन सुरू करून वाट दाखवली. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी आहेच. पण सर्व मिळून जागा हाताच्या बोटावर मोजाव्या इतक्याच. शंभर खाटांच्या रुग्णालयात एक्स-रे काढणारा तज्ज्ञ हवा, भूल देणारा हवा, हे सरकारला समजते. माणसाला संपूर्ण माणूस म्हणून तपासणारा हवा, हे समजत नाही. आणि डॉक्टर तरी तिकडे का जातील? ज्या शाखेला ना नर्सिंग होमचे उत्पन्न, ना सरकारी सेवेत स्वतंत्र पद, तिच्यासाठी तीन वर्षे ७४ तासांचा आठवडा कोण सोसणार?

आमच्या भागात या शाखेची गरज का आहे हे एकाच आजारावरून सांगता येते. सिकलसेल. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ल आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट' या नियतकालिकात केली. तेव्हापासून विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि गोंडांसारख्या आदिवासी समाजांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आहे हे जगाला माहीत आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. ठीक आहे. पण या आजाराला एका दिवसाचे शिबिर पुरत नाही. मूल जन्मल्यावर तपासणी, नियमित औषध, दुखण्याच्या झटक्यात तातडीचा उपचार, लग्नाआधी दोन्हीकडच्या रक्ताची तपासणी आणि त्याबद्दल घरच्यांशी समंजस बोलणे, गरोदरपणात वेगळी काळजी, असा तो जन्मभराचा सोबती आहे. बालरोगतज्ज्ञ एक तुकडा बघतो, स्त्रीरोगतज्ज्ञ दुसरा, अस्थिरोगतज्ज्ञ तिसरा. संपूर्ण घर बघणारा कोणीच नाही. कळ असह्य झाली की पोराला घेऊन रेल्वेने सव्वाशे किलोमीटरवरच्या नागपूरला धावायचे आणि तेथे कॅज्युअल्टीत नव्या निवासी डॉक्टरला पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायची.

गोंदियात काय करता येईल? येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये शंभर जागांनी सुरू झाले, केटीएस आणि गंगाबाई ही जुनीच रुग्णालये त्याला जोडून. स्वतःच्या इमारतीची कोनशिला बसायला फेब्रुवारी २०२४ उजाडले, तीही उपराष्ट्रपतींच्या हस्ते. कोनशिलेला आमचा विरोध नाही, पण इमारतीच्या आराखड्यात निवासी डॉक्टरांच्या खोल्या किती, मुलींच्या वसतिगृहापासून वॉर्डापर्यंतच्या रस्त्यावर दिवे किती, हे कोणी विचारले काय? ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर रुग्णालयात रात्रपाळीतील निवासी डॉक्टरवर जे झाले, त्यानंतर तरी विश्रांतीची खोली ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुसरे, राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० मध्ये एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या आठ पदविका सुरू केल्या, त्यांत फॅमिली मेडिसिन आहे, आणि त्या मुख्यतः शंभरपेक्षा जास्त खाटांच्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयांसाठीच आहेत. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांनी त्या मागितल्या पाहिजेत. तिसरे, पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवण्याचा जो कार्यक्रम आयोगाने सक्तीचा केला आहे, त्यात येणाऱ्या डॉक्टरला राहायला खोली आणि शिकवायला माणूस द्या. नाहीतर ते तीन महिने सहीपुरते उरतात.

आमचे काही कार्यकर्ते विचारतात, संपाला पाठिंबा द्यायचा काय? मेले तर आपलेच लोक मरतात. प्रश्न योग्य आहे. इमर्जन्सी, प्रसूती आणि अतिदक्षता विभाग बंद ठेवणाऱ्या संपाला आमचा पाठिंबा नाही, हे आम्ही मार्डच्या मित्रांना तोंडावर सांगितले आहे. पण संपाच्या आठ दिवसांत गरिबाला जे सोसावे लागते त्यावर अग्रलेख लिहिणारे उरलेल्या साडेतीनशे दिवसांत सलग छत्तीस तास जागलेल्या डॉक्टरच्या हातून त्याच गरिबाच्या नसेत काय टोचले जाते यावर गप्प का असतात? ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ रुग्ण दगावले, तेव्हा औषधे, खाटा आणि मनुष्यबळ यांचा हिशेब मागण्याऐवजी एका खासदाराने अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावले. अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला तो त्यावर. रुग्णाचा राग डॉक्टरवर वळवला की मंत्रालय सुटते, हे त्यातले राजकारण आहे.

म्हणून आम्ही आमच्या वकील मित्रांच्या मदतीने माहितीच्या अधिकाराचा एक साधा अर्ज तयार केला आहे. शासकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठाता कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे तो करायचा. मागील बारा महिन्यांत विद्यावेतन कोणत्या तारखेला जमा झाले, प्रत्येक विभागाचा ड्यूटी तक्ता, दिलेल्या आणि नाकारलेल्या रजांची नोंदवही, रॅगिंगविरोधी समितीच्या बैठकांची इतिवृत्ते आणि निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहातील खोल्यांची संख्या, एवढेच विचारायचे. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावायचे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, नाही आले तर पहिले अपील. निवासी डॉक्टरने स्वतः अर्ज केला तर त्याच्या इंटर्नल मार्कांवर डोळा राहील, म्हणून अर्ज रुग्णाच्या नातेवाइकांनी करावा. फुलचूरमधील काही जणांनी सह्या केल्या आहेत.